मूळ प्रोग्रॅमप्रमाणे

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या गेल्या स्मरणिकेत माझ्यावर अर्धं पान छापून आलं, फोटोसकट. सरकारी कागदांचं संगणकातलं रूप ‘सर्वांसाठी खुलं करणारे आपले ज्येष्ठ सभासद’ असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फूलबागेत फिरायला गेलो तर दोघातिघांनी थांबून अभिनंदन केलं. मी हात जोडले, हसलो. घरी आल्यावर मात्र ती स्मरणिका पुन्हा उघडवेना. कारण ते काम ज्या दोघांमुळे झालं त्यांचा त्या अर्ध्या पानात उल्लेखही नव्हता, आणि ती सगळी माहिती मंडळाला मीच सांगितली होती. आता वय झालं आहे. जे जसं झालं तसं लिहून ठेवतो. नावं कोणाचीच देत नाही, माझंही नाही.

दोघांपैकी एक माझा भागीदार. गोरखीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, माझे दरबारात कारकुनीला आले. “माझे तलवार घेऊन आले, तुझे दौत घेऊन,” तो म्हणायचा, “आणि शेवटी दोघांची खानदानं टायपिंगच्या धंद्यात!” संस्थान विलीन झालं, मग राजधानी भोपाळला गेली, तेव्हा माझ्या वडिलांचं दफ्तरही तिकडे गेलं. वडील गेले नाहीत. नोकरी सोडून इथेच राहिले आणि उरलेलं आयुष्य लोकांचे जुने मोडी कागद वाचून देण्यात घालवलं. नव्या अंमलातल्या साहेबांना मोडी येत नव्हती, म्हणून लोकांच्या जमिनी अडल्या होत्या.

आम्ही दोघांनी सिटी सेंटरमध्ये दोन खोल्या घेऊन हिंदीत सरकारी कामकाज करण्याचा प्रोग्रॅम तयार केला. लिहिला मी, विकला त्याने. त्यातली सगळ्यात वाखाणली गेलेली सोय म्हणजे नोटशीट. सरकारी फाइलीत मूळ अर्जाबरोबर एक नोटशीट असते. खालचा बाबू आपलं मत लिहितो, त्याखाली त्याचा वरिष्ठ, त्याखाली त्याचा साहेब, असं होत होत शेवटी हुकूम होतो. कोणी आधी लिहिलं आणि कोणी नंतर, यावरच त्या कागदाचा अर्थ ठरतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं पडद्यावर होत असे. राज्यातल्या पुष्कळ दफ्तरांनी तो घेतला. संगणकाच्या पाठीमागे बोटाएवढं एक इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचावं लागे. ते नसेल तर प्रोग्रॅम चालत नसे, आणि प्रोग्रॅम नसेल तर कागद उघडत नसे. याचा मला तेव्हा अभिमान होता.

मग राज्याचे दोन भाग झाले. माणसं वाटली गेली, कपाटं, जीपगाड्या, पंखे वाटले गेले. ज्यांचा तबादला नव्या राज्यात झाला ते रडत गेले. कागदांच्या नकला सीडीवर करून रायपूरला पाठवल्या. कुलुपं मात्र इकडच्या दफ्तरांच्या नावावर घेतलेली, ती इकडेच राहिली. तिकडे कोणी त्या सीडी उघडल्या तर पडद्यावर निव्वळ खिचडी.

तिकडचा एक अधिकारी आमच्याकडे आला. माझं म्हणणं सरळ होतं, नवीन कुलुपं विकत घ्या. अधिकारी गेल्यावर भागीदार दार लावून म्हणाला, “हे बघ भई, कागद त्यांचे आहेत. आपण फक्त डबा बनवला. डब्यात ठेवलेली चटणी आपली कशी झाली?”

“डबा आपला आहे ना?”

“तर मग डबा कसा उघडतो ते लिहून टाक. सगळ्यांसाठी. दिल्लीत मानकं ठरवणारी कमिटी असते, तिथे देऊन टाक.”

“आणि आपण काय खायचं?”

“नोकऱ्या करू. तुझे वडील काय खात होते?” मग म्हणाला, “ते मोडी वाचून देत होते यार. तू नवी मोडी काढतोयस.”

आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. शेवटी हो म्हणालो, पण ते त्याच्या बोलण्याने नाही. आपण बनवलेल्या रूपाला देशाचं मानक म्हणतील, ही गोष्ट मला गोड लागली. स्मरणिकेत जी उदारता छापली आहे ती इतकीच.

खुलं मानक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कागद संगणकात कसा साठवला आहे याचं पूर्ण वर्णन लिहायचं आणि कमिटीपुढे ठेवायचं. कंपन्यांचे लोक, सरकारी लोक, ग्रंथपाल, प्राध्यापक ते वाचतात, हरकती घेतात, दुरुस्त्या होतात. मंजूर झालं की ते वर्णन कोणाच्या मालकीचं राहत नाही. कोणीही ते वाचून, आम्हाला न विचारता, तसे कागद उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकतो.

सकाळच्या गाडीने मी दिल्लीला जायचो आणि संध्याकाळी परत. कमिटीत चहा पाणचट मिळायचा, पण बिस्किटं उत्तम. तिथली एक पद्धत मला आजही फार शहाणपणाची वाटते. वर्णन पुरेसं आहे की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. ज्याने मूळ प्रोग्रॅम कधी पाहिलेला नाही अशा माणसाने फक्त वर्णन वाचून स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा. त्यात जुने कागद नीट उघडले तरच काम पुरं झालं म्हणायचं.

हे काम रायपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या बाईंनी अंगावर घेतलं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, शांत, आणि हातात नेहमी माझ्या वर्णनाची प्रत, तिला पेन्सिलीच्या खुणा. त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, “सर, यात पुष्कळ ठिकाणी लिहिलंय, ‘मूळ प्रोग्रॅमप्रमाणे करावे.’ म्हणजे कसं करावं?”

“मूळ प्रोग्रॅम पाहिलात की लगेच कळेल.”

“मी पाहायचा नाही, म्हणून तर मला इथे बसवलंय.”

सगळे हसले. मीही हसलो. ही चूक आमच्या धंद्यातला माणूसच करतो. ज्याने घर बांधलं त्याला जिन्याची पायरी सांगावीशी वाटत नाही, त्याचा पाय आपोआप पडतो. मी परत आलो आणि एकेक जागा भरत गेलो. रकान्यांची रुंदी, अक्षरांचे तुकडे जोडायची रीत, तळटिपा. बाईंचा प्रोग्रॅम दर बैठकीला थोडा शहाणा होत गेला. खरं सांगतो, त्या महिन्यांत मी माझंच काम पहिल्यांदा नीट वाचलं.

एक जागा मात्र मी भरली नाही. नोटशिटीतल्या नोटांचा क्रम. तिथे ‘क्रम मूळ प्रोग्रॅमप्रमाणे लावावा’ हेच वाक्य राहू दिलं. बाई विचारायच्या, मी कधी म्हणायचो पुढच्या मसुद्यात देतो, कधी म्हणायचो ते धंद्याचं गुपित आहे. कमिटीतल्या एका मोठ्या कंपनीच्या माणसाला हे ऐकून आनंद व्हायचा, कारण आमचं मानक पडलं तर त्याचं येणार होतं. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं, पुढच्या बैठकीपर्यंत ते कलम पूर्ण झालं नाही तर मसुदा रद्द.

गुपित वगैरे काही नव्हतं. तिथे माझी चूक होती.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या दिवसांत मी नोटांना क्रमांक देताना घाई केली होती. एखादी नोट खोडली की तिचा क्रमांक नव्या नोटेला मिळे, आणि मग कधीकधी दोन नोटा एकाच जागेवर हक्क सांगत. हे लक्षात आलं तोवर प्रोग्रॅम शेकडो टेबलांवर पोचला होता. मूळ दुरुस्ती करायच्या ऐवजी मी ठिगळ लावलं: अशा वेळी कोणती नोट कधी लिहिली ते पाहून क्रम लावायचा. पण दफ्तरांतल्या संगणकांच्या आतल्या बॅटऱ्या मेलेल्या असायच्या, रोज सकाळी तीच जुनी तारीख दिसायची. म्हणून ठिगळावर ठिगळ. वेळ खोटी वाटली तर लिहिणाऱ्याचा हुद्दा पाहायचा, लहान हुद्द्याची नोट आधी, मोठ्या हुद्द्याची नंतर. आधी बाबू, मग साहेब.

बहुतेक वेळा हे बरोबर ठरत असे. पण साहेबाने शेरा मारून कागद खाली पाठवला आणि बाबूने उत्तर लिहिलं, तर उलटं होई. तक्रार कधी आली नाही, कारण दफ्तरात कागद मागे वळून कोणी वाचत नाही. आता देशाच्या मानकात मी काय लिहिणार होतो? ‘इथे प्रोग्रॅम अंदाज करतो’? ज्याच्या नोटशिटीवर लोकांची कामं अडतात, सुटतात, तो प्रोग्रॅम अंदाज करतो? मसुदा रद्द झाला असता तर त्या दिवशी मी सुटकेचा श्वास घेतला असता. मी मनातून त्याचीच वाट पाहत होतो.

भागीदाराला यातलं काही मी सांगितलं नव्हतं. तो दोनदा म्हणाला, “काय अटकलंय रे?” मी म्हणालो, तांत्रिक आहे.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. एका लग्नासाठी आग्र्याला येत आहे, जाताना ग्वाल्हेरला उतरले तर चालेल का? नाही कसं म्हणणार! थंडीचे दिवस होते. आमची सौ. गच्चीवर ऊन खात मटार सोलत बसली होती. मी हिंदीत ओळख करून दिली. बाई खाली बसल्या, मटारची टोपली स्वतःकडे ओढली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “वहिनी, द्या मला पण थोडे.”

“अगं बाई, तू आपल्यातलीच की!” सौ. म्हणाली. “रायपूरला पण आपले लोक आहेत?”

“आहेत ना. पण मराठी आमची अशीच, हिंदी मिसळलेली.”

“आमची कुठे शुद्ध आहे? आमची पोरं तर अर्धं वाक्य झालं की हिंदीत शिरतात, परत येतच नाहीत.”

दिल्लीत आम्ही इतके महिने एकमेकांशी हिंदीत आणि इंग्रजीत भांडलो होतो. मराठीत भांडण तसं राहिलं नाही. बाईंनी पर्समधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एकाच नोटशिटीच्या दोन प्रती होत्या, त्यांच्याच प्रोग्रॅमने दोन तऱ्हांनी छापलेल्या. वडील नोकरीत असताना वारले म्हणून एका मुलीने त्यांच्या जागी नोकरी मागितली होती. एका प्रतीत बाबू लिहितो, ‘पद रिक्त नाही, नियुक्ती देता येत नाही,’ आणि त्याखाली साहेब लिहितो, ‘पद उपलब्ध करून नियुक्ती द्यावी.’ दुसऱ्या प्रतीत साहेबाची नोट आधी होती, बाबूची शेवटी.

“ही मुलगी आमच्या गल्लीत राहते,” बाई म्हणाल्या. “आई आणि दोन भाऊ आहेत. राज्य फुटलं त्याच सुमारास हा हुकूम झाला, कागदी फाइल वाटणीत कुठे गेली पत्ता नाही. दफ्तरवाले ही दुसरी प्रत धरून म्हणतात, शेवटची नोट ‘नाही’ची आहे. सर, तिला नोकरी मिळाली आहे की नाही, हे फक्त तुमच्या प्रोग्रॅमला माहीत आहे.”

मी म्हणालो, “त्यालाही माहीत नाही.”

ते कसं तोंडून निघालं, मला कळलं नाही. मग सगळंच सांगितलं. क्रमांक, मेलेल्या बॅटऱ्या, आधी बाबू मग साहेब. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, शेंगांकडे बघत होतो. सौ.चे हात थांबले होते. मला वाटलं, आता या बाई कमिटीत उभ्या राहतील आणि माझी उभी हयात एका वाक्यात संपेल.

बाईंना हसू आलं. तुच्छतेचं नव्हे, मोठं कोडं सुटल्यावर येतं तसं. “म्हणजे एवढंच होतं? मी चार महिने क्रमांकांचं गणित शोधतेय! घरचे म्हणतात झोपेत बडबडते.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “लिहून टाका ना सर. असाच अंदाज करतो, या क्रमाने करतो. लिहिला की अंदाजही नियम होतो.”

“लोक हसतील.”

“हसतील. पण जिथे अंदाज केला तिथे खूण करायची, असंही लिहू. मग वाचणाऱ्याला कळेल की इथे भरवसा ठेवू नको, विचारून घे. आत्ता तुमचा प्रोग्रॅम अंदाज करतो आणि सांगत नाही, तेवढंच चुकीचं आहे. आणि नव्या कागदांसाठी क्रमांक सरळ लावू.”

सौ. म्हणाली, “इतके दिवस हे घेऊन बसला होतात? मला वाटलं रक्तदाब आहे.”

ते कलम आम्ही त्याच दुपारी गच्चीवर लिहिलं. खरं म्हणजे त्यांनी लिहिलं, मी सांगत गेलो. खूण करण्याची कल्पना सर्वस्वी त्यांची, आणि त्या मानकात जर काही पुढे टिकण्यासारखं असेल तर तेच आहे.

बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या, “त्या कलमाचं वर्णन पूर्ण झालं आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये नमुन्याचे सगळे कागद उघडतात.” आणि बसल्या. आधी काय लपवलं होतं, का लपवलं होतं, एक अक्षर नाही. कंपनीच्या माणसाने विचारलं, “अंदाज? मानकात अंदाज?” तर त्याच म्हणाल्या, “तुमच्याही प्रोग्रॅममध्ये असेल. यांनी सांगितला.” मसुदा मंजूर झाला. अध्यक्षांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मी उभं राहून ते कौतुक घेतलं. त्या क्षणी बाईंकडे हात केला असता तरी पुरलं असतं. केला नाही. पुढे वर्तमानपत्रात आलं, सत्कार झाले, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी माझ्याकडे सरकत गेली. शेवटी स्मरणिकेपर्यंत पोचली.

त्या मुलीच्या नोटशिटीवर नव्या प्रोग्रॅमने खूण दाखवली, की हा क्रम हुद्द्यावरून लावलेला आहे, खात्री करावी. दफ्तराने नियुक्ती देणाऱ्या जुन्या साहेबांना विचारलं. ते निवृत्त होऊन इथेच मुरारला राहत होते. त्यांना ती केस आठवत होती, आणि शेवटचा शब्द आपला होता असं त्यांनी लिहून दिलं. मुलगी नोकरीवर रुजू झाली. बाईंनी फोन करून सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा भागीदाराला सगळी हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चल, कचोरी खाऊ.” बस, एवढंच.

आमचा धंदा आटला, हेही खरं. इतरांनी तसे प्रोग्रॅम काढले, काही आमच्यापेक्षा चांगले. आम्ही मग दफ्तरांना जुने कागद नव्या रूपात आणून द्यायचं काम केलं आणि त्यावर दोन्ही घरं बरी चालली. भागीदाराने एकदाही मला ऐकवलं नाही की मी म्हणत होतो ते बरोबर होतं. तो जाऊन आता काही वर्षं झाली.

इथवर लिहून झालं तेव्हा मी बाईंना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. त्यांचीही आता निवृत्ती जवळ आली आहे. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, “छान आहे सर. पण एक गोष्ट खरी नाही.”

“कोणती?”

“आग्र्याला लग्न नव्हतं.”

“मग ग्वाल्हेरला कशा आलात?”

“तुमच्या भागीदारांचा फोन आला होता मला. म्हणाले, बाई, तो दिल्लीत तुम्हाला सांगणार नाही, मला पण सांगत नाहीये. पण काही तरी आहे, जे त्याला खातंय. तुम्ही त्याच्या घरी जा. चार लोकांत तो अकडतो, घरी अकडत नाही. आणि मी सांगितलं हे त्याला कधी कळू देऊ नका, बिचाऱ्याला लाज वाटेल.”

बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं पाळलं मी. आता तुम्ही सगळं लिहायलाच बसलात, तर हे राहून कसं चालेल?”

दुसऱ्या दिवशी मी भागीदाराच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. फोन माझ्यासमोरच केला होता. मी म्हटलं, तुम्हीच का नाही विचारत त्याला? तर म्हणाले, मी विचारलं तर तो माझ्याशी खोटं बोलेल, आणि मग मला ते कळेल, आणि मग आम्ही दोघं काय करायचं?”

त्यांनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, हे छापायला देऊ का? त्या म्हणाल्या, “द्या की. त्यांना वाचता आलं असतं तर भांडले असते तुमच्याशी, पण आवडलं असतं.”

मानक अजून चालू आहे. त्यात आमच्या तिघांपैकी कोणाचं नाव नाही, मानकात नावं नसतातच. पण मला विचाराल तर ते एका मित्राने न बोलता आणि एका बाईने न बोलता पुरं केलं, आणि बोलत राहिलो तो मी. आज त्या दोघांचे आभार मानतो. उशिरा मानतो आहे, त्याबद्दल वहिनींची आणि बाईंची माफी मागतो. ती माफी दोघींनीही मी मागायच्या आधीच दिली आहे, म्हणून ती मागताना अधिक जड जातं.